बापाच्या मांडीवरचें मूल

मराठी घरांतलें मूल आईला 'अगं' म्हणतें आणि वडिलांना 'अहो' म्हणतें. आईशीं 'तूं', वडिलांशीं 'तुम्ही'. हें त्याला कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं. बोलावयास लागतांच तें त्याच्या जिभेवर बसतें. एकत्र कुटुंबांत तर कित्येक मुलांच्या वांट्यास 'बाबा' हा शब्दही येत नसे. धाकटे भाऊ आणि पुतणे ज्याला 'अण्णा' किंवा 'दादा' म्हणत, त्याला त्याचीं स्वतःचीं मुलेंही 'अण्णा' किंवा 'दादा'च म्हणत. वडीलधाऱ्यांच्या देखत तरुण बापानें आपलें मूल उचलून घेणें हा उथळपणा समजला जाई. भावाचें मूल खांद्यावर घेऊन त्यानें अंगणभर हिंडावें, त्याला कोणी हंसत नसे; परंतु स्वतःचें मूल रडूं लागलें तर त्यानें हातांतल्या पोथींतून किंवा वर्तमानपत्रांतून डोकें वर काढूं नये, असा संकेत होता. तो संकेत पाळणाऱ्या बापांना माया नव्हती असें कोण म्हणेल? मुलाला ताप भरला कीं हेच गृहस्थ रात्रभर ओसरीवर येरझारा घालीत. मात्र त्यांची माया ओसरीवर राही आणि मूल माजघरांत राही.

गेल्या दोन पिढ्यांत हा संकेत पुष्कळच सैल झाला. पुणें, मुंबई, नागपूर येथील सुशिक्षित घरांतून आतां 'ए बाबा' अशी हांक सर्रास ऐकूं येते. जुन्या मंडळींना ती प्रथम खटकली आणि पुढें तिचेंच कौतुक वाटूं लागलें. बोलण्यांतलें अंतर असें कमी झालें. परंतु मुलाला न्हाऊं घालणें, भरविणें, निजविणें, रात्रीं उठून त्याचें दुपटें बदलणें, या हातांच्या कामांत बापाचा वांटा किती वाढला, आणि तो वाढावयास किंवा खुंटावयास कोणतीं कारणें होतात, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों.

प्रथम आंकडे पाहूं. आपल्या देशांतील माणसें दिवसाचे चोवीस तास कसे घालवितात याची पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं केली आणि २०२४ सालीं पुन्हां केली. दुसऱ्या पाहणींत असें आढळलें कीं, १५ ते ५९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४१ स्त्रिया घरांतील माणसांच्या, म्हणजे मुलांच्या व वृद्धांच्या, संगोपनांत आणि शुश्रूषेंत कांहीं वेळ घालवितात. पुरुषांपैकीं शेंकडा २१ च तसें करतात. ज्या स्त्रिया हें काम करतात त्यांचीं दिवसाचीं सुमारें १४० मिनिटें त्यांत जातात. जे पुरुष करतात त्यांचीं ७४. सरळ हिशेब असा कीं, निम्मे पुरुष निम्मा वेळ देतात. सगळ्या पुरुषांनीं मिळून दिलेला वेळ हा स्त्रियांनीं दिलेल्या वेळाच्या चौथ्या हिश्शाहून फारसा अधिक भरत नाहीं.

हा हिशेब ऐकून पुष्कळ लोक सृष्टिनियमाकडे बोट दाखवितात. मूल पोटांत वाढविणें व पाजणें हें निसर्गानें आईकडे सोंपविलें, तेव्हां बाकीचेंही ओघानेंच तिच्याकडे आलें, असें त्यांचें म्हणणें असतें. यांतील पहिलें वाक्य खरें आहे. दुसरें कितपत खरें आहे हें पहावयाचें तर आफ्रिकेच्या मध्यभागीं असलेल्या अरण्यांत जावें लागेल. तेथें 'आका' नांवाचे शिकारी लोक राहतात. बॅरी ह्यूलेट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानें त्यांच्यांत दीर्घकाळ राहून १९९१ सालीं त्यांच्या पितृधर्मावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आका बाप दिवसाचा सुमारें शेंकडा ४७ काळ आपल्या तान्ह्या मुलाला जवळ घेऊन असतो किंवा हात लांबविला तर मूल हातीं लागेल इतक्या अंतरावर असतो. आई दूर असली आणि मूल रडूं लागलें, तर त्याला तोंडीं छाती देऊन शांत करण्यासही तो लाजत नाहीं.

हे लोक असे कां वागतात? याचें बरेंचसें उत्तर त्यांच्या शिकारीच्या पद्धतींत आहे. आका लोक जाळीं लावून शिकार करतात आणि या कामाला नवरा, बायको, मुलें अशीं सारीं मिळून रानांत जातात. मूल एकदां आईच्या कडेवर, एकदां बापाच्या कडेवर, असा दिवस जातो. त्याच प्रदेशांत शेती करून राहणाऱ्या शेजारच्या लोकांत स्त्रीपुरुषांचीं कामें निराळीं, जागा निराळ्या. तेथील बाप आपल्याकडील जुन्या बापासारखाच मुलापासून दूर असतो. रान एक, हवापाणी एक, परंतु दिवसाची मांडणी वेगळी. तिच्याबरोबर बापही वेगळा झाला. आकांतही आईच मुलाला अधिक वेळ घेते, हें येथें सांगितलें पाहिजे. परंतु आईचा वांटा मोठा असल्यानें बापाचा वांटा शून्यावर यावा लागत नाहीं, एवढें यावरून सिद्ध होतें.

शरीरशास्त्राचा पुरावाही याच बाजूचा आहे. फिलिपाईन्समधील सेबू येथें ६२४ तरुणांची कित्येक वर्षें पाहणी करून ली गेट्लर व त्याच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जे तरुण त्या काळांत बाप झाले त्यांच्या लाळेंतील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचें प्रमाण बरेंच उतरलें. आणि जे बाप दिवसाचे तीन तास किंवा अधिक वेळ मुलाचें करीत, त्यांच्यांत तें मुलाचें कांहींच न करणाऱ्या बापांहून कमी आढळलें. पुरुषाच्या देहांत संगोपनाची तयारी मुळांतच नाहीं, हें म्हणणें यापुढें टिकणार नाहीं. मूल हातांत आलें कीं देह त्याप्रमाणें बदलूं लागतो. मूल हातांत येतें कीं नाहीं, हाच काय तो प्रश्न.

आपल्याकडे तें केव्हां येतें? पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आपली रीत आहे, आणि मुलीच्या जिवाला विसांवा देणारी अशी दुसरी रीत नाहीं. परंतु बापाच्या दृष्टीनें तिचा परिणाम काय होतो? जन्माची तार पूर्वीं टपालवाला आणी, आतां ती बातमी दूरध्वनीवर येते. बाप धांवत येऊन बाळाचें तोंड पाहून जातो. बाराव्या दिवशीं बारशाला तो पुन्हां येतो. झबलें-टोपडें घातलेलें बाळ कोणी तरी त्याच्या हातावर ठेवतें, तें रडूं लागतें, आणि "द्या इकडे, तुम्हांला नाहीं जमायचें" म्हणून लगेच काढून घेतलें जातें. पाहुणे हंसतात, जांवईबापूही हंसतात, आणि दुसऱ्या दिवशींच्या गाडीनें कामावर परत जातात. तीन महिन्यांनीं मूल सासरीं येतें तेव्हां आईला त्याचें रडणें ओळखतां येत असतें. भुकेचें कोणतें, झोंपेचें कोणतें, पोट दुखल्याचें कोणतें, हें ती दुसऱ्या खोलींतून सांगते. हें ज्ञान तिला पाळण्याजवळ रात्री जागून मिळालेलें असतें. बाप हा शाळेंत तीन महिने उशिरा दाखल झालेला विद्यार्थी. पहिल्याच दिवशीं त्याची चूक होते, आणि "तुला समजत नाहीं" हा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर कायमचा बसतो.

पोटापाण्याचा उद्योग हें दुसरें कारण. कोंकणांतील हजारों चाकरमानी मुंबईंत राहत आणि त्यांचीं मुलें गांवीं वाढत. शिमग्याला आणि गणपतीला येणारा पाहुणा म्हणजे बाप, हें त्यांच्या मुलांना ठाऊक असे. आज डोंबिवली-कल्याणकडून मुंबईला जाणारा गृहस्थ रोज घरीं येतो खरा, परंतु तो निघतो तेव्हां मूल उठलेलें नसतें आणि परततो तेव्हां तें निजलेलें असतें. त्याच गाडीनें त्याची पत्नीही नोकरीला जात असेल, तर ती मात्र जाण्यापूर्वीं आणि आल्यावर मुलाचें सारें उरकते. म्हणून वेळेचा अभाव हें कारण खरें असलें तरी पुरें नाहीं. वेळ कोणी काढावा हें घरांत आधींच ठरलेलें असतें.

हें ठरलेलें बदलतां येतें काय, याचा प्रयोग युरोपच्या उत्तरेकडील देशांनीं केला, आणि तो आमच्या मतें फार बोधप्रद आहे. स्वीडननें १९७४ सालीं निव्वळ बाळंतपणाच्या रजेच्या जागीं आईबापांनीं वांटून घेण्याची पगारी रजा सुरू केली. बापांनीं ती घ्यावी म्हणून लेनार्ट डालग्रेन या धिप्पाड वजन उचलणाऱ्या मल्लाच्या हातांत तान्हें मूल देऊन त्याचीं चित्रें भिंतींवर लावण्यांत आलीं. चित्र सर्वांना आवडलें. रजा मात्र बहुतेक बापांनीं आपल्या बायकांच्या नांवें करून दिली. वीस वर्षें उपदेश करून पाहिल्यावर १९९५ सालीं सरकारनें एक साधी अट घातली: रजेपैकीं एक महिना बापाचाच, त्यानें घेतला नाहीं तर तो बुडाला. त्यापूर्वीं निम्म्याहून अधिक बाप एकही दिवस रजा घेत नसत. अटीनंतर असे बाप पांचांत एकाच्या आसपास उरले. २००२ सालीं दुसरा आणि २०१६ सालीं तिसरा महिना असाच राखून ठेवण्यांत आला. एकूण ४८० दिवसांपैकीं सुमारें तीन दशांश दिवस आतां तेथील बाप घेतात. अर्थात् एका महिन्यानें सारें घर पालटलें असें नाहीं. पुढें मूल आजारी पडल्यावर घरीं कोणी राहावें याच्या वांटणींत त्या पहिल्या महिन्यामुळें फरक पडलेला नव्हता, असें संशोधकांना आढळलें. कायदा दार उघडतो. आंत पाऊल रोज टाकावें लागतें.

नॉर्वेनें हीच युक्ति स्वीडनच्याही आधीं, १९९३ सालीं योजली. १ एप्रिल १९९३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बापांसाठीं चार आठवडे राखून ठेवतांच, रजा घेणाऱ्या बापांचें प्रमाण शेंकडा ३ वरून एकदम ३५ वर गेलें. पुढें तीन अर्थशास्त्रज्ञांनीं ही माहिती तपासून २०१४ सालीं एक सुंदर गोष्ट उजेडांत आणली. ज्याच्या कचेरींतल्या सहकाऱ्यानें ही रजा घेतली त्यानें स्वतः ती घेण्याचा संभव शेंकडा ११ नें वाढे, आणि ज्याच्या भावानें घेतली त्याच्याबाबतींत तो १५ नें वाढे. कचेरींतल्या वरिष्ठानें घेतली तर साध्या सहकाऱ्याहूनही अधिक परिणाम होई. लोकांना भय होतें तें "लोक काय म्हणतील, साहेब काय म्हणतील" याचें. एकानें केलें आणि त्याचें कांहीं बिघडलें नाहीं, हें पाहतांच दुसऱ्याचा धीर वाढला. भावाचें उदाहरण सर्वांत जवळचें ठरावें, ही गोष्ट एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी.

जपानचें उदाहरण उलट बाजूनें हेंच शिकवितें. तेथील कायदा बापाला मूल वर्षाचें होईपर्यंत रजा देतो. इतकी उदार तरतूद थोड्या देशांत असेल. तरी २०१२ सालीं रजा घेणारे बाप शेंकडा दोनही नव्हते, कारण कचेरींत सर्वांच्या आधीं उठून जाणें हीच तेथें मोठी नामुष्की. सरकारनें २०१० पासून 'इकुमेन', म्हणजे मुलें सांभाळणारा पुरुष, या शब्दाचा गाजावाजा केला, त्याचा प्रभाव संथ पडला. २०२२ पासून मात्र प्रत्येक होणाऱ्या बापाला मालकानें स्वतः होऊन रजेची माहिती द्यावी आणि त्याचा मनोदय विचारावा असें बंधन आलें. २०२३ सालीं हें प्रमाण शेंकडा ३० वर आणि २०२४ सालीं ४० वर गेलें. हक्क कागदावर असून भागत नाहीं, "केव्हां घेणार?" असें कोणी तरी विचारावें लागतें.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांस पांचव्या वेतन आयोगानंतर पंधरा दिवसांची पितृत्व-रजा मिळूं लागली. तीही दोनांहून कमी अपत्यें हयात असतील तर. स्त्री-नोकरांस मुलांच्या संगोपनासाठीं साऱ्या नोकरींत मिळून ७३० दिवसांची रजा २००८ पासून आहे. ती पुरुषांस लागू झाली २०१८ सालीं, आणि फक्त एकट्या बापास, म्हणजे विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहित असेल त्यास. याचा अर्थ असा कीं, आई घरांत असेपर्यंत या रजेच्या नियमांना बाप दिसतच नाहीं. २०१७ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं मातृत्व-रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्या दुरुस्तींत बापासाठीं एका दिवसाचीही तरतूद झाली नाहीं. त्याच वर्षीं हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनीं लोकसभेंत पितृत्व-लाभाचें खासगी विधेयक मांडलें होतें. पंधरा दिवसांची रजा आणि ती तीन महिन्यांपर्यंत वाढविण्याची सोय त्यांत होती. त्याचा कायदा झाला नाहीं.

कायदा व्हावयाचा तेव्हां होवो. घराचा कायदा तर आपल्याच हातीं आहे. एकत्र कुटुंबांत बापाच्या हातांत मूल देणें न देणें हें पुष्कळदां आजीवर आणि आईवर अवलंबून असतें. सारा ॲलन आणि ॲलन हॉकिन्स या अमेरिकन अभ्यासकांनीं १९९९ सालीं या गोष्टीला दारावरच्या पहाऱ्याची उपमा दिली. बापानें मुलाला उलटी झबली घातली, भरवितांना सांडलें, कीं दारावरचा पहारा त्याला परत पाठवितो. आम्ही हा दोष स्त्रियांच्या माथीं मारूं इच्छीत नाहीं. ज्या बाईला जन्मभर 'मुलाकडे लक्ष नाहीं' एवढ्या एका शब्दानें तोललें जातें, तिनें मुलाचें काम दुसऱ्याच्या हातीं सहज सोडावें, ही अपेक्षाच अन्यायाची. नवऱ्याच्या हातून झालेल्या चुकीबद्दल तिलाच बोल लावणारें घर आधीं गप्प बसलें पाहिजे. त्यानें गोंधळ केला तर तो त्याचा समजावा. आईसही पहिल्या दिवशीं सारें येत नव्हतें.

भाषा किती मागें राहिली आहे याचें एक उदाहरण येथें आठवतें. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९१३ सालीं त्यांना मुलगा झाला आणि त्याला कसें वाढवावें या विचारांतून ते बालशिक्षणाकडे वळले. १९२० सालीं त्यांनीं भावनगरला बालमंदिर काढलें. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याच सहकारी. मुलांत रमणाऱ्या या भरघोस मिशांच्या गृहस्थास गुजराती लोक प्रेमानें 'मूछाळी मा', म्हणजे मिशाळ आई, म्हणत. गौरव खराच, पण मुलांवर जीव लावणाऱ्या पुरुषाला द्यावयास आपल्या भाषांपाशीं 'आई' याखेरीज शब्द नव्हता, हेंही त्यांतून दिसतें. त्याला नुसतें 'बाप' म्हणून भागलें पाहिजे.

कोणी म्हणेल, आजी आहे, काकू आहे, आत्या आहे. एवढ्या हातांत बापाचे आणखी दोन कशाला? त्याचें पहिलें उत्तर असें कीं, आतां तितके हात उरले नाहींत. काकू नोकरीला जाते, आत्या परगांवीं असते, आणि सारा भार साठी उलटलेल्या आजीच्या दुखऱ्या गुडघ्यांवर पडतो. दुसरें उत्तर अधिक खोल आहे. ज्यानें मुलाला तान्हेपणीं हाताळलें नाहीं, त्याचें मुलाशीं बोलणें पुढेंही बहुधा आईच्या मार्फतच चालतें. "बाबांना विचार ना सहलीचें", "त्याला सांग अभ्यासाला बसायला". एकाच घरांत दोघांचे निरोप स्वयंपाकघरांतून फिरतात. मुलगा मोठा होतो, दूरदेशीं जातो, आठवड्याला येणाऱ्या दूरध्वनीवर वडील "बरा आहेस ना? देतों आईला" म्हणून मोकळे होतात. पुढें एक दिवस आई नाहींशी होते. मग त्या घरांत परस्परांवर जीव असलेले दोन पुरुष उरतात आणि त्यांना बोलावयास शब्द सांपडत नाहीं. अशीं घरें आपल्यापैकीं प्रत्येकाच्या पाहण्यांत आहेत.

तें टाळावयाचें तर आरंभ पाळण्यापाशीं करावा लागेल. माहेरच्या बाळंतपणाची रीत मोडूं नये. जांवयानें आपली रजा बारशाच्या एका दिवसासाठीं न खर्चतां दहा-पंधरा दिवस सासरीं राहावें, आणि सासूबाईंनीं त्याला पाहुण्यासारखें पाटावर न बसवितां शेगडीजवळ बोलावून मूल पायांवर कसें घ्यावें हें दाखवावें. घरीं आल्यावर एक काम पूर्णपणें बापाचें असावें, मग तें रात्रींचें निजविणें असो कीं रविवारचें न्हाणें. 'मदत' म्हणून नव्हे, तर त्याचें म्हणून. तें चालूं असतांना आईनें आणि आजीनें दुसऱ्या खोलींत जावें, मूल रडलें तरी थोडा दम धरावा. घरांतल्या थोरल्या भावानें हें केलें तर धाकट्यास सांगावें लागत नाहीं. आणि आजोबांनीं, ज्यांना स्वतःचें मूल चारचौघांत उचलण्याची मुभा नव्हती आणि जे आज नातवंडाला खांद्यावर घेऊन सोसायटीच्या बागेंत हिंडत असतात, आपल्या मुलाला एवढेंच म्हणावें: "घे रे त्याला, रडतोय तो." ज्या घरांत पूर्वीं वडिलांच्या देखत मूल उचलण्याची चोरी होती, त्या घरांत वडिलांच्याच तोंडून हें वाक्य निघालें, तर पंधरा दिवसांच्या सरकारी रजेहून त्याचा उपयोग अधिक होईल, अशी आमची खात्री आहे.